वानखेडेचा खालचा कप्पा

वानखेडेचा जेवणाचा डबा तीन कप्प्यांचा होता, आणि शुक्रवारी त्यातल्या खालच्या कप्प्यात जेवण नसायचं. वरच्यात पोळ्या, मधल्यात भाजी नाहीतर झुणका, कडेला ठेचा. खालचा कप्पा तो उघडायचा नाही. जेवण झालं की डबा लावायचा, पिशवीत घालायचा आणि पिशवी मांडीवर घेऊन बसायचा, एसटीत एखादी बाई दह्याचं भांडं धरून बसते तसा. पहिले दोन-तीन महिने मला वाटलं, बायको गोडधोड देत असेल आणि हा घरी जाताना एकटा खात असेल. असल्या माणसाची मला चीड आहे. एक दिवस मी तोंडावर विचारलं. त्यानं डबा उघडला. खालच्या कप्प्यात पांढऱ्या सुती कापडात गुंडाळलेली एक काळी डबी होती, वहीच्या अर्ध्या आकाराची.

"तात्या," तो म्हणाला, "यात सारी लॅब हाय."

ही लॅब म्हणजे सुरतेच्या पांडेसऱ्यातली, कापड रंगवणाऱ्या मिलवाल्यांनी मिळून काढलेली. नाव सांगत नाही, ती अजून चालू आहे. खाली लॅब, वर साहेबांची केबिन आणि मीटिंगचा हॉल. शिकलेली माणसं आठ-दहा, सगळी पांढऱ्या कोटातली. मी अटेंडंट. बीकर धुणं, पाणी तापवणं, कापडाचे तुकडे रंगात बुडवून ठरल्या वेळी बाहेर काढणं हे माझं काम. शिक्षण चौथी. शिरपूरकडून सुरतेला आलो तो सरळ जिगरवर उभा राहिलो, म्हणजे ज्या मशीनवर कापडाचा ताका रंगाच्या पाण्यातून इकडून तिकडे फिरत राहतो तिथे. बावीस वर्षं तेच केलं. मीठ, सोडा, वाफ. हाताच्या रेषा तिथेच झिजल्या. छाती भरायला लागली तेव्हा एका डाइंग मास्तरच्या ओळखीनं लॅबमध्ये लागलो. पण रंगाच्या नजरेत त्या कोटवाल्यांतलं कुणी मला हरवलेलं नाही. दोन तुकड्यांची शेड एक आहे की नाही हे मशीनच्या आधी मी सांगायचो, आणि मशीन माझ्यामागून हो म्हणायचं. कुणाला आवडो न आवडो, खरं ते खरं.

वानखेडे अकोल्याकडचा. कॉम्प्युटर सांभाळायला ठेवलेला, तोही कायमचा नाही, वर्षावर्षाच्या करारावर. उंच, वाकलेला, शर्टाच्या खिशात एक स्क्रूड्रायव्हर आणि एक दात कोरायची काडी. मी पहिल्या दिवशी साहेब म्हणालो तर म्हणाला, "सायेब वरच्या माळ्यावर बसते. मी वानखेडे." तेव्हापासून तो माझा वानखेडे आणि मी त्याचा तात्या.

त्याचं बोलणं कमी. शुक्रवारी जेवणानंतर तो एकेका टेबलापाशी जाऊन उभा राहायचा आणि नुसतं "शुक्रवार" म्हणायचा. म्हणजे उठा, तुमचं मशीन मला द्या, अपडेट टाकायचे आहेत. कोटवाल्यांना त्याचा वैताग. कुणाचा रिपोर्ट अर्धा असायचा, कुणाला फोन यायचा. सोमवारी कर, उद्या कर. वानखेडे वाद घालायचा नाही, उभाच राहायचा. शेवटी माणूस कंटाळून उठायचा. मग हा त्या मशीनसमोर स्टूल टाकून बसायचा, दवाखान्यात पेशंटच्या उशाशी बसावं तसा. पट्टी पुढे सरकेपर्यंत हलायचा नाही. मी एकदा म्हटलं, हे दर आठवड्याला काय बदलत असतं? त्यानं सांगितलं, "घराले दारं असते ना तात्या, तशी याले हजार दारं हायेत. रोज एखाद्या दाराची कडी मोडते. बाहेरच्याले आपल्या आधी कळते. आपण निदान शुक्रवारी तरी पाहाव."

ते मला पटलं. एक मात्र त्याला मी शिकवलं. तो बसलेला असताना कुणी ना कुणी येऊन मशीन बंद करून जायचं, घाईत, सवयीनं. त्याचं अर्ध्यावर तुटायचं, पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, आमच्या जिगरवर बॅच चालू असली की पाटी टांगलेली असते, कुणाची हिंमत नाही हात लावायची. चालू बॅच तोडली तर कापड जिथे थांबलं तिथे आडवा डाग बसतो, तो जन्मात जात नाही. उमेदवारीत माझ्या हातून एकदा तुटली होती. मास्तरनं सगळ्या खात्यासमोर तो डागाचा ताका माझ्या खांद्यावर टाकून मला गेटपर्यंत चालवलं. त्यानंतर मी बॅच कधी तोडली नाही. एकदा शेजारच्या खात्यात आग लागली तरी मी पहिली बॅच उतरवली, मग पळालो.

वानखेडेला ही गोष्ट फार आवडली. पुठ्ठा त्यानं आणला आणि लिहायला मला सांगितलं. माझं अक्षर कसं ते माझं मला माहीत. तरी मी रंगाच्या ब्रशनं लिहिलं, "चालू आहे. हात लावू नका." 'हात' वर चढला आणि 'नका' खाली घसरला. मी दुसरा पुठ्ठा मागितला, त्यानं दिला नाही. म्हणाला, अस्संच पाहिजे, लांबून ओळखू येते. ती पाटी दर शुक्रवारी टेबलाटेबलावरून फिरायची आणि एरवी त्याच्या ड्रॉवरमध्ये पडलेली असायची.

त्याची दुसरी खोड लाल चिंधीची. शिकलेल्या माणसांनी खोट्या मेलला फसू नये म्हणून तो स्वतःच खोटे मेल पाठवायचा. तुमचं सॅम्पल परदेशात नापास झालं, इथे दाबून पाहा. तुमची रजा नामंजूर झाली, इथे दाबून पाहा. जो दाबेल त्याच्या खुर्चीला दुसऱ्या दिवशी लाल चिंधी बांधलेली असायची. चिंध्या माझ्याकडून न्यायचा, फेल गेलेल्या शेडच्या. पहिल्या महिन्यात लॅबमध्ये सात खुर्च्या लाल झाल्या. मी पोट धरून हसलो. बाकी कुणी हसलं नाही. डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाच्या खुर्चीला चिंधी म्हणजे काय. वरती तक्रार गेली.

मग एक दिवस पाहतो तर वानखेडेच्याच खुर्चीला चिंधी. मी म्हटलं, कुणी सूड घेतला? तो म्हणाला, मीच बांधली. लाइट बिल थकलं म्हणून मोबाइलवर निरोप आला होता, बायको रागावली होती, घाईत बोट लागलं. काही गेलं नव्हतं, वेळेवर ध्यानात आलं होतं. तरी आठवडाभर त्यानं ती सोडली नाही. येणारा जाणारा पाहायचा आणि हा सगळ्यांना सांगायचा, "थांबाचं, वाचाचं, मंग बोट लावाचं. मी थांबलो नाही." चिंधीची चाल साहेबांनी पुढे बंद केली. पण मी बावीस वर्षांत असा मास्तर पाहिला नाही, जो स्वतःच्या चुकीचा ताका स्वतःच्या खांद्यावर घेऊन फिरेल.

माझ्याशीही त्याचं एकदा वाजलं. पाण्याच्या टाकीचं रीडिंग मी वहीत लिहायचो, ते कॉम्प्युटरवर टाकायचा हुकूम निघाला. मी नाही म्हणालो. माझी वही कधी चुकली का ते दाखवा, म्हटलं. दोन आठवडे मी हटलो नाही. वानखेडे रोज येऊन माझ्या शेजारी बसायचा, चहा प्यायचा, जायचा. शेवटी मीच म्हटलं, दाखव काय ते. पासवर्ड ठेवायची वेळ आली. बाकीच्यांनी पोरांची नावं आणि जन्मतारखा ठेवल्या होत्या. मी जिगरवरच्या माझ्या पाच मास्तरांची पहिली अक्षरं आणि मध्येमध्ये माझ्या मशीनचे नंबर, असा लांबलचक ठेवला. दोन वेळा पाहून तो खो खो हसला आणि लॅबभर ऐकू जाईल असं बोलला, "या इमारतीत एकच पासवर्ड मजबूत हाय, अन् तो चौथी पासवाल्याचा हाय." त्या दिवशी मी छाती काढून घरी गेलो. बायकोला सांगितलं, तिला काही कळलं नाही, पण तिनं भरीत केलं.

आता मेघना मॅडमचं सांगतो, कारण डब्यातल्या त्या डबीत खरं काय होतं ते त्याशिवाय कळायचं नाही. मॅडम सुरतेच्याच, गुजराती, हसायच्या कमी. सुती कापडाला रंग धरायला मीठ लागतं, गोणीच्या गोणी. पुढे सांडपाण्यातला रंग काढता येतो, मीठ निघत नाही, ते सगळं खाडीला जातं. मॅडमचं चाललं होतं ते मूठभर मिठात तोच रंग पक्का बसवायचं. नऊ वर्षं. त्या नऊ वर्षांतला एकेक तुकडा माझ्या हातानं बुडाला आणि माझ्या हातानं निघाला. हजारो तुकडे. प्रत्येकाला मागे एक नंबर, आणि त्या नंबरमागे किती मीठ, किती सोडा, किती ऊन पाणी, किती वेळ हे सगळं कॉम्प्युटरमध्ये. नंबर हातात नसेल तर तुकडा म्हणजे चिंधी.

वानखेडेचा जीव त्यात अडकलेला होता. एकदा डबा बांधता बांधता म्हणाला, "मी काही शास्त्रज्ञ नाही. माह्या हातून नवीन काही व्हाचं नाही. पण या बाईचं काम माह्या हातून जाऊ नाही, एवढं एकच पाहिजे मले." म्हणून दर शुक्रवारी जेवणाआधी तो सगळ्या लॅबची नक्कल त्या डबीत उतरवायचा, वायर काढायचा आणि डब्यातून बमरोलीला घरी न्यायचा. सोमवारी परत. लॅब जळाली तर घरी एक राहील. कुणी आत शिरलं तर जिला वायरच नाही तिच्यात कसा शिरेल. इतकं सरळ. मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल.

वरच्यांना कळलं नाही. बाहेरची एक कंपनी आली, सुरक्षेची तपासणी करायला. टाय लावलेली पोरं. त्यांनी लिहून दिलं की लॅबचा डेटा जेवणाच्या डब्यातून बाहेर जातो. साहेबांनी वानखेडेला वर बोलावलं. मी चहा घेऊन गेलो होतो, म्हणून मला माहीत. साहेब वाईट नव्हते. म्हणाले, वानखेडेभाई, आता नवी सिस्टम येते आहे, डबी कायम जोडून ठेवायची, नक्कल आपोआप होत राहील, तुमचाही त्रास गेला. वानखेडे उभा होता. म्हणाला, घरी नेत नाही, चालेल, पण वायर काढून कपाटात तर ठेवू द्या. साहेब म्हणाले, आपोआपमध्ये वायर कशी काढणार. तो म्हणाला, तेच तर. साहेबांनी कागद पुढे केला. त्यानं वाचला, पुन्हा वाचला आणि सही केली. करार दोन महिन्यांनी संपत होता, घरी दोन मुली शिकत होत्या. मी चहा ठेवून खाली आलो.

खाली आल्यावर त्यानं मला मॅडमच्या टेबलामागची, त्यांचं मशीन बाकीच्यांना जोडणारी निळी वायर दाखवली. कुठे काही इपरीत दिसलं तर ही ओढून टाकायची, कुणाला विचारायचं नाही, माझ्या नावावर ओढा म्हणाला. मी म्हटलं, ठीक. त्या शुक्रवारपासून त्याच्या डब्याचा खालचा कप्पा रिकामाच यायचा. भरायची सवय बायकोला राहिली नव्हती आणि त्यानं तिला सांगितलंही नव्हतं.

पुढची गोष्ट शुक्रवारचीच. बाहेरच्या त्याच कंपनीचं वर हॉलमध्ये भाषण होतं, संशोधन करणाऱ्या माणसांनी ऑनलाइन कसं सावध राहायचं यावर. सगळ्या कोटवाल्यांना हजेरीची सक्ती. वानखेडेलाही शेवटच्या रांगेत बसवलं. खाली मी एकटा, कारण मॅडमचे सहा तुकडे गरम पाण्यात होते आणि ते मी सोडले नसते. मॅडम जाता जाता घाईत टेबलाशी थांबल्या, काहीतरी वाचलं, दाबलं आणि जिना चढून गेल्या. पुढे कळलं की त्या कंपनीच्याच नावानं मेल आला होता. आजच्या ट्रेनिंगच्या आधी हे अपडेट टाकून घ्या.

थोड्या वेळानं मी तिकडून गेलो. मॅडमचं मशीन चालू होतं. मधोमध चौकट, तिच्यात पट्टी सरकते आहे. मला इंग्रजी येत नाही, पण अपडेट हा शब्द मी शब्दाच्या आकारावरून ओळखतो, इतके शुक्रवार पाहिला होता. चौकटीच्या मागे फायलींच्या नावांची रांग होती आणि एकेका नावाला नव्या अक्षरांचं शेपूट फुटत होतं. मी पाहिलं. शेपूट फुटताना मी पाहिलं आणि मला ते विचित्रही वाटलं. पण शुक्रवार होता. पट्टी सरकत होती. मी म्हटलं, वानखेडे वर अडकला म्हणून वरूनच लावून दिलं असेल. आणि बघतो तर पाटी नाही. हे त्याचं विसरणं मला आवडलं नाही. मी त्याच्या ड्रॉवरमधून पाटी काढली आणि मॅडमच्या मशीनला टांगली.

तेवढ्यात वायरमन आला. बिहारकडचा पोरगा, त्या रांगेचा बोर्ड बदलायचा होता. "काका, दस मिनट लाइन बंद कर दूँ?" असं त्यानं नीट विचारलं. मशीनखालच्या बॅटऱ्या कधीच मेल्या होत्या, लाइन गेली असती तर सगळी रांग गपकन गेली असती. मी त्याला पाटी दाखवली. म्हटलं, बॅच चालू आहे, तुटली तर कोण भरून देणार, संध्याकाळी ये. तो म्हणाला, कॉम्प्युटरच तर आहे. मी त्याला दाराबाहेर काढलं. मग स्टूल ओढलं आणि त्या मशीनसमोर बसलो. वानखेडे बसायचा तसा. पाऊण तास मी राखण केली.

वर टाळ्या वाजल्या. माणसं खाली आली. सगळ्यांच्या मशीनवर एकच लाल पान होतं आणि त्यावर इंग्रजीत काहीतरी. कुणी ओरडलं नाही. मला वाटलं होतं असल्या वेळी माणसं ओरडतात. सगळे उभेच राहिले. वानखेडे धावत मागच्या खोलीत गेला, जिथे ती काळी डबी कायमची जोडून ठेवलेली होती, आणि बाहेर आला तो चालत आला. मॅडमच्या टेबलापाशी थांबला. पाटी पाहिली. माझ्याकडे पाहिलं नाही. पाटी काढून त्यानं दुमडली आणि शर्टाच्या आत घातली.

मॅडम मला म्हणाल्या, "काका, आपले तुकडे काढले का?" मी म्हटलं, काढले, बरोबर वेळेवर. त्या म्हणाल्या, बरं. मग त्यांनी ते सहा तुकडे ओळीनं वाळत घातले आणि मागे नंबर लिहिले, सवयीनं. सहाही तुकड्यांना रंग सुरेख धरला होता.

ज्यांनी सगळ्या फायलींना, जोडलेल्या डबीलासुद्धा, कुलूप घातलं ते किल्लीसाठी पैसे मागत होते, त्यावर वर बैठका झाल्या. द्यायचं नाही असं ठरलं. दिलं असतं तरी किल्ली मिळाली असती असं नाही, असं वानखेडेच म्हणाला. आठवड्याभरानं चौकशी बसली. टायवाली पोरं, साहेब, मॅडम, वानखेडे, आणि मला दाराशी उभं केलं. कोणत्या मशीनवरून सुरू झालं ते त्यांना कळलं होतं. मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या, आठवत नाही. त्यांचे हात टेबलाखाली होते. मी त्यांना दोष देत नाही, नऊ वर्षं त्यांची गेली होती. वानखेडे म्हणाला, ते मशीन माझ्या जिम्म्यात, त्यावर काय चालतं काय नाही ते पाहणं माझं काम. टायवाल्यानं विचारलं, पाऊण तास हे चालू होतं, खाली कुणीच नव्हतं का? साहेबांनी दाराकडे पाहिलं. मी बोलणार होतो. खरंच बोलणार होतो. त्याआधी वानखेडे बोलला.

"तात्याले त्यातलं काही समजत नाही."

साहेबांनी मान हलवली आणि मला जायला सांगितलं.

मी जिना उतरलो तो रागानं. पासवर्डाच्या वेळी लॅबभर ऐकू जाईल असं बोलणारा हाच माणूस. समजत नाही म्हणे. जो शेड मशीनआधी ओळखतो त्याला समजत नाही. आज लिहायला बसलो तर सगळं स्वच्छ दिसतं की त्या एका वाक्यानं त्यानं माझी नोकरी आणि म्हातारपणाची पेन्शन वाचवली. पण तेव्हा मला त्या वाक्यातला अपमान तेवढा ऐकू आला. मी धरून ठेवला. धरून ठेवणं मला फार सोपं गेलं, कारण सोडला असता तर पाटीचं बोलावं लागलं असतं.

वानखेडेचा करार पुढे वाढला नाही. शेवटच्या दिवशी तो एकेकाच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. या वेळी शुक्रवार म्हणाला नाही. माझ्याकडे आला तेव्हा मी बीकर धूत होतो. धूतच राहिलो. पाणी मोठं सोडलं. तो थोडा वेळ पाठीमागे थांबला, मग गेला.

मॅडमनी पहिल्यापासून सुरू करायचं म्हटलं. महिनाभर आम्ही ते कपाट उघडून बसायचो. हजारो तुकडे, प्रत्येकामागे नंबर, सुंदर रंग, आणि कोणता कशानं झाला ते कुणालाच सांगता येईना. मला आठवतील असं मला वाटलं होतं. बोटांना आठवत असतात गोष्टी. काही आठवलं नाही. मग त्या एका कॉलेजात शिकवायला गेल्या. कपाट रिकामं करायचं काम माझ्याकडे आलं. पोत्यात भरून मी ते तुकडे मशीन पुसायला दिले. मीठ पहिल्यासारखंच गोण्यांनी पडतं आहे आणि खाडीला जातं आहे.

निवृत्त झाल्यावर हे सगळं मी एकदा बायकोला सांगितलं. पाटीचंही. ती भाजी निवडत होती, हात थांबवून म्हणाली, "मंग तुम्ही बोलनात का नही?" मी उठून बाहेर गेलो.

पेन्शन चालू राहायला दरवर्षी आपण जिवंत आहोत हे अंगठा लावून दाखवावं लागतं. नेहमीच्या दुकानात गेलो तर तिथे माझा अंगठा उमटेना. सोड्यानं, मिठानं रेषा खाल्लेल्या. दुकानदारानं सांगितलं, बमरोलीला एक जण आहे, तो धीरानं करतो, तिकडे जा. गेलो. गल्लीतलं लहान दुकान, झेरॉक्स, रिचार्ज, फॉर्म भरणं. काचेमागे वाकलेला माणूस. खिशात स्क्रूड्रायव्हर. केस सगळे पांढरे झाले होते.

"या तात्या," तो म्हणाला, जसा मी काल येऊन गेलो होतो.

दुकान त्याचं नव्हतं, तो कामाला होता. मुलींचं विचारलं. धाकटीचं शिक्षण मध्येच सुटलं म्हणाला. पुन्हा कुठे लॅबमध्ये नाही का लागला, मी विचारलं. त्यानं सांगितलं, जिथे जातो तिथे आधीच्या ठिकाणी फोन करतात. एवढंच. मग त्यानं माझा हात घेतला, ओल्या फडक्यानं अंगठा पुसला, त्या छोट्या काचेवर ठेवला आणि म्हणाला, दाबू नका, नुसता ठेवा. पडद्यावर चाक फिरत राहिलं. मी मान वळवली आणि मागच्या झेरॉक्स मशीनला टांगलेली पाटी पाहिली. मधोमध दुमडल्याची घडी होती. 'हात' वर चढलेला आणि 'नका' खाली घसरलेला.

मी बोललो. इतकी वर्षं जे पोटात होतं ते तिथे, अंगठा काचेवर असताना, दोन गिऱ्हाइकं मागे उभी असताना बोललो. की पाटी मी लावली. की वायरमन आला होता, त्याला मी हाकललं. की नावांना शेपूट फुटताना मी पाहिलं होतं. की निळी वायर माझ्या गुडघ्याला लागत होती.

त्यानं पडद्यावरची नजर काढली नाही. "मले माहीत होतं," म्हणाला. "पाटीले पाय थोडेच असते."

मी विचारलं, लाइन जाऊ दिली असती तर काय झालं असतं? मला वाटतं, काहीच झालं नसतं असं त्यानं म्हणावं म्हणून मी ते विचारलं होतं. कुणीही तसं म्हटलं असतं. पण वानखेडे मशीनबद्दल कधी खोटं बोलला नाही.

"अर्धं वाचलं असतं, तात्या."

चाक थांबलं. अंगठा उमटला नव्हता. त्यानं माझा हात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, आता दुसरं बोट द्या. दुसरं दिलं, तिसरं दिलं. डाव्या हाताची करंगळी लागली. कागद छापून आला की मी जिवंत आहे. त्यानं तो घडी न करता माझ्या हातात दिला, जपून न्या म्हणाला, आणि मागच्या बाईला पुढे बोलावलं.

मी रस्त्यापलीकडे रिक्षासाठी उभा राहिलो. जेवणाची वेळ झाली असावी, कारण ती बाई गेल्यावर त्यानं काच ओढून घेतली आणि टेबलाखालून डबा काढला. तोच, तीन कप्प्यांचा. त्या दिवशी शुक्रवार होता. त्यानं वरचा कप्पा काढला, मधला काढला, आणि मग खालचाही काढून समोर ठेवला. त्यात भात होता.